खजराण्याचा वाळा

पाटी हातभरसुद्धा नव्हती. पांढऱ्या फरशीचा तुकडा, त्यावर निळ्या ऑइलपेंटची अक्षरं, खाली सिमेंटचा गोळा, आणि त्यात अजून थापीच्या खुणा. सोसायटीच्या बागेत पंपाच्या खोलीलगत वाळ्याचा वाफा आहे, त्याच्या पुढ्यात ती आदल्या दिवशी कधीतरी रोवली गेली होती, आणि सकाळी नऊला ऑफिसला निघालेली संबोधी इंगळे हातात स्कूटरची किल्ली धरून तिच्यासमोर खिळून उभी होती. ‘श्री खजराना गणेशजी की पवित्र खस. कृपया जूते-चप्पल उतारकर ही पास आएँ.’ तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. आता यात घाबरण्यासारखं काय होतं? इंदूरला पाट्यांचा का तोटा आहे! ओला कचरा इथे, सुका तिथे, थुंकू नका, फुलं तोडू नका, एक आणखी. पण संबोधीचा पाय तिथून निघेना. कारण पाटी रंगवली दुसऱ्या कोणी असली तरी तिच्यावरचं वाक्य संबोधीचं होतं. सहा वर्षांपूर्वी तिच्याच तोंडून निघालेलं, आणि धादांत खोटं. तो वाळा खजराण्याचा नव्हताच. तो महूचा होता, तिच्या आईच्या परसातला, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला. आणि आई आज दुपारी चारपर्यंत बसनं पोचायची होती.

“दीदी, कैसी लगी?” मागून आवाज आला. ही शिखा, तिसऱ्या मजल्यावरची, बाग-समितीची सर्वेसर्वा. “बच्चे बॉल के पीछे जूते पहन के घुस जाते थे ना. मैंने कहा, भिया, परसाद की चीज़ है, ऐसे थोड़ी चलेगा! आप ही तो लाई थीं, आपको तो सबसे ज़्यादा खुशी हुई होगी.” संबोधी म्हणाली, “हाव, बहोत अच्छी है,” आणि वर हसली. पुढे पलासियाच्या सिग्नलला आरशात बघितलं तर ते हसू अजून तोंडावर तसंच होतं, पुसायचं राहून गेलेलं. किळस आली तिला. मागून रिक्षावाल्यानं “मॅडमजी, हरा हो गया” म्हणून भोंगा वाजवला तेव्हा ती हलली.

विमा कंपनीच्या त्या ऑफिसात तिचं टेबल दाव्यांच्या छाननीचं. अर्जात कोणी काय दडवलंय ते शोधून काढायचं आणि लाल शाईनं लिहायचं, माहिती लपवली. सतरा वर्षं हेच काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. आज फाइल उघडली की निळी अक्षरंच दिसायची. आई पाटी वाचणार. नक्की वाचणार! महिन्यापूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हापासून बाई दिसेल ते वाचत सुटली होती. दोन वर्षं सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं, त्याची भरपाई म्हणून बिस्किटाचा पुडा, गॅसचं पुस्तक, शेजारच्या दारावरचं नाव, सगळं मोठ्यानं, अक्षर अक्षर लावून. त्याच डोळ्याची तपासणी इंदूरच्या डॉक्टरांकडे होती म्हणून तर ती येत होती. पण खरं कारण दुसरं होतं, आणि ते फोनवर तिनं लाजत लाजत सांगितलं होतं. “यंदा माठावर तू बस बाई. माझे गुडघे काही ऐकत नाहीत. तू मोठी लेक. माझ्यानंतर तूच बसायची ना? चार दिवस राहते, काय काय बोलायचं, कसं वाटायचं, सगळं सांगते तुला.” चौदा एप्रिल पाच दिवसांवर आला होता.

माठावर बसणं म्हणजे काय, हे महूबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर माणसांचा पूर येतो. नागपूर, अकोला, नांदेड, कुठकुठून लोक येतात, पोरंबाळं, म्हाताऱ्या, पांढरी लुगडी, निळे झेंडे, आणि डोक्यावर माळव्याचं ऊन. त्या रस्त्यावर इंगळ्यांचे पाण्याचे माठ असतात, नुसत्या पाण्याचे नाहीत, वाळ्याच्या पाण्याचे. आजोबा पलटणीत शिपाई होते, त्यांनी घरामागे वाळा लावला तो याच एका दिवसासाठी. वडील बाबूराव लष्करी वर्कशॉपात स्टोअरकीपर, त्यांनी पट्टा वाढवला. पण खरा जपला तो आईनं, भीमाबाईनं. वरून बघाल तर गवतच ते, कमरेइतकं, कडेला धार असलेलं. पात्याला वास नाही, गुरं तोंड लावत नाहीत. ऐवज सगळा मुळांत. म्हणजे वास हवा तर झाड उपटायला लागतं, आणि नुसतं उपटलं तर पुढच्या वर्षाला काय, धोंडे? म्हणून आईची रीत अशी होती की पट्ट्याचे दोन भाग करायचे, एका हिवाळ्यात एक काढायचा, दुसरा राखायचा. पहारीनं ठोंब सैल करायचा, खाली चार बोटं मुळं ठेवून बाकीची कापून घ्यायची, वर वीतभर पाती ठेवून छाटायची, आणि मग ठोंब फोडायचा तो हातानं. “विळा लावू नको. त्याला कुठून फुटायचंय ते त्याला माहीत असतं,” असं ती म्हणायची. मधला जून गड्डा फेकायचा, कडेचे कोवळे फुटवे तीन-तीन एकत्र धरून त्याच दिवशी परत मातीत. अंधार पडू द्यायचा नाही. मुळं धुऊन सावलीत वाळवायची, उन्हात वाळवली की वास उडतो, आणि सुतानं जुड्या बांधायच्या. लहानपणी संबोधीची बोटं त्या पात्यांनी चिरायची, आणि शाळेत ती बोटं दप्तराखाली लपवायची. कोणी विचारलं तर सांगायची, पतंगाचा मांजा. हे आठवलं तशी ती चपापली. म्हणजे तेव्हापासूनच की काय?

सहा वर्षांपूर्वी तिनं हा फ्लॅट घेतला, एकटीच्या पगारावर, एकटीच्या सहीनं. दारावर नुसतं ‘इंगळे’. समोरच्या फ्लॅटात मनोरमाकाकू, शाळेतून रिटायर झालेल्या मराठीच्या बाई. होळकरांच्या वेळेपासून त्यांचं घराणं इंदुरात. पहिल्याच उन्हाळ्यात त्या ओळख करून घ्यायला आल्या, घामाघूम, म्हणाल्या, “आधी पाणी दे गं.” संबोधीनं माठातलं दिलं. एक घोट घेऊन काकूंचा चेहरा असा काही खुलला! “अगंबाई, वाळा! किती वर्षांनी. कुठला गं?” इतकंच विचारलं. आणि पेला ओठांपासून बोटभर लांब थांबला. थांबला, की थांबल्यासारखा वाटला? सहा वर्षं संबोधी तो पेला डोळ्यांसमोर धरून बघत आली आहे, आणि तिला आजही नक्की सांगता येत नाही. त्या क्षणी मात्र तिला दिसली ती कॉलेजात असतानाची रामबागेतली घरमालकीण, जी तिचा ग्लास मोरीच्या बाहेर वेगळा उपडा घालायची, तोंडानं एक अक्षर न बोलता, वर हसून. पेला थांबला आणि संबोधीच्या तोंडून निघून गेलं, “खजराण्याचा. पुजारीबुवांनी दिला.” विचार नाही, आचार नाही; उंबऱ्याला पाय अडखळावा आणि हात आपोआप पुढे जावा, तसं. काकूंनी पेला कपाळाला लावला आणि घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा संबोधीला हायसं वाटलं होतं. लाज वगैरे मागाहून आली. आधी हायसंच वाटलं होतं, आणि ती गोष्ट ती स्वतःलासुद्धा माफ करत नव्हती.

एकदा बोललेलं खोटं मुकाट पडून राहिलं असतं तर निभावलं असतं. पण काकू म्हणाल्या, “मला एक फुटवा आणून दे ना बुवांकडून.” आता काय करता? संबोधी महूला गेली, म्हणाली, “आई, शेजारच्यांना हवाय.” आईला कोण आनंद! सगळ्यात चांगला ठोंब काढला, ओल्या पोत्यात गुंडाळला, बसमध्ये चढेपर्यंत बजावत राहिली, “तीन-तीन लाव म्हणावं. आणि बादलीतलं साबणाचं पाणी टाकलं तरी चालतं, घाबरू नका म्हणावं.” काकूंनी तो तुळशीशेजारच्या कुंडीत लावला, साबणाच्या पाण्याचं नावसुद्धा काढू दिलं नाही. मग त्यांच्या नणंदेला हवा झाला, मग शिखाला, मग शिखाच्या माहेरी देपालपुरला. प्रत्येक वेळी फुटव्याबरोबर ते वाक्यही गेलं, खजराण्याचा आहे बरं का, पुजाऱ्यांनी दिलाय. दर उन्हाळ्यात आईनं बांधलेल्या जुड्या संबोधी आणायची आणि काकू त्या देव्हाऱ्यापुढे ठेवून मगच माठात सोडायच्या. तीन वर्षांपूर्वी बागेत वाफा झाला. नारळ फोडून! त्या दिवशी संबोधीनं ऑफिसात जास्तीचं काम काढलं. आणि आईला? आईला ती सांगायची, “तू कशाला दगदग करतेस, मीच येते ना पंधरा दिवसांनी.” आईला वाटायचं लेक किती काळजी घेते. गृहप्रवेशाच्या वंदनेला आली तेवढीच, मग आली नाही. येऊ दिली नाही, असं म्हणा.

बारा वाजता संबोधीनं अर्धी सुट्टी टाकली. घरी आली, माळ्यावरून गव्हाचं रिकामं पोतं काढलं, आणि पाटीवर असं टाकलं की वाफ्याचाही कोपरा झाकला जावा. रखवालदार बघत होता. “धूप बहोत है ना, इसलिए,” ती म्हणाली. तो म्हणाला, “हओ दीदी.” बेचाळीस डिग्रीत खसला ऊन लागतं असं म्हणणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी. पोत्याच्या चार टोकांवर विटा ठेवताना संबोधीला वाटलं, वर गॅलऱ्यांतून कोणी बघत असेल तर त्याला हे काय दिसत असेल? शेहेचाळीस वर्षांची अधिकारी बाई, इस्त्रीची साडी नेसून, उकिडवी बसून फरशीच्या तुकड्याला पोतं पांघरतेय. आईनं तिचं नाव ठेवलं होतं संबोधी. जाग येणं. वा!

सव्वाचारला भीमाबाई फाटकातून आत आली. पांढरी साडी, डोळ्यावर काळा चष्मा, एका हातात पिशवी, दुसरा संबोधीच्या खांद्यावर. बस स्टँडपासून रिक्षात तिनं सगळा रस्ता वाचून काढला होता, “ज-य माँ आ-टा चक्-की. या-ता-यात निय-म. बघ, दिसतंय मला!” लिफ्टकडे वळायच्या आधीच ती थांबली. “तुमच्या शेजाऱ्यांना दिलेला वाळा कुठाय गं? बागेत लावला म्हणालीस ना एकदा?” संबोधी म्हणाली, “ऊन आहे आई, संध्याकाळी बघू.” पण तोवर तिला पंपाच्या खोलीपाशी ती पाती दिसली होती, आणि ती चालायलाही लागली होती, गुडघे न दुखल्यासारखी. वाफ्याशी पोचली, पाती दोन्ही हातांनी बाजूला केली, वाकून आत बघितलं. “अगं, हा कोणी फोडलाच नाही. बघ, मधून मेलाय. नुसती कडा हिरवी आहे. तीन वर्षांत एकदाही हात नाही लावला का कोणी?” मग तिचं लक्ष पोत्याकडे गेलं. “आणि हे काय? वाळ्याला कसलं आलंय सावलीचं कौतुक!” संबोधी “राहू दे, आई” म्हणेपर्यंत तिनं वीट पायानं सरकवली आणि पोतं ओढलं.

चष्मा काढून आईनं नवा डोळा बारीक केला. “श्री ख-ज-रा-ना ग-णे-श-जी की प-वि-त्र ख-स.” एकेक अक्षर जिन्याच्या पायरीसारखं उतरत होतं, आणि संबोधीला दुसरं काही करता येत नव्हतं, नुसतं उभं राहण्यावाचून. दुसरी ओळही आईनं पूर्ण वाचली. मग म्हणाली, “खजराण्याचा? मग मी दिलेला कुठे गेला?” आता सांगायचं होतं. इथे कोणी नव्हतं, रखवालदारही फाटकाशी गेला होता. आई होती आणि ती होती. एवढं सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं. आणि संबोधी म्हणाली, “तो दुसरीकडे लावलाय. हा सोसायटीनं आणलाय कुठून तरी.” आईनं पुन्हा वाफ्याकडे बघितलं. फुटवे तीन-तीन लावलेले होते, हात हात अंतरावर, तिच्याच मापानं. “असेल,” ती म्हणाली. “वाळा काय, सगळीकडे सारखाच.” आणि मग तिनं, संबोधीच्या खांद्याचा आधार घेत, आधी डाव्या पायातली चप्पल काढली, मग उजव्या. तापल्या फरशीवर अनवाणी, आपणच दिलेल्या गवतासमोर. “आई, काय करतेस, पाय भाजतील!” “लिहिलंय ना तिथे,” आई म्हणाली. “तुझ्या इथली माणसं बघतील. तुला बोल नको लागायला.” आईचे ते पाय, टाचांना भेगा पडलेले, महूच्या मातीत आयुष्य गेलेले. संबोधीला वाटलं, भुई दुभंगावी. पण बेचाळीस डिग्रीतही ती कधी दुभंगत नाही. तिनं खाली वाकून आईच्या चपला उचलल्या, आणि आई “अगं, दे इकडे” म्हणत असताना लिफ्टपर्यंत हातात धरून नेल्या.

घरात आई पाटीबद्दल काही बोलली नाही. पाय पाण्यानं धुतले, चहा घेतला, आणि माठावर बसायचं शिकवायला लागली. पाणी आदल्या दिवशी भरायचं. जुडी रात्रभर भिजू द्यायची, सकाळी काढून नवी टाकायची. म्हाताऱ्यांना आधी. “आणि माणूस पाणी पिऊन थांबतो बघ. विचारतो, बाई, वाळा कुठला? प्रत्येक जण विचारतो, आपल्या लोकांना सवयच आहे, पाणी कुणाचं, कुठलं, हे विचारायची. तुझे बाबा काय सांगायचे, आठवतं? वाळा घरचा, पाणी आमच्या नळाचं, आणखी घ्या. बस, एवढंच. पण ते ऐकायला लोक थांबतात. चेहरे बघ एकेकाचे!” बोलता बोलता आईचा चेहराच तसा झाला. संबोधीला तो माठ हवा होता. किती हवा होता ते तिला त्या दुपारी कळलं. वीस वर्षं कुणी ओळखेल, फोटो काढून कुठे टाकेल म्हणून ती चौदा एप्रिलला महूला मुद्दाम उशिरा, अकरानंतर पोचत आली होती, गर्दीच्या कडेनं. आणि बाबा गेले तेव्हापासून तिला एकच वाटत होतं, की कधीतरी आई म्हणेल, ये, बस इथे. “हो आई,” ती म्हणत राहिली. “हो. हो.”

सहा वाजता मनोरमाकाकू बोलवायला आल्या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. “आईंना घेऊनच यायचं हं. आमच्याकडे तसलं काही नाही.” तसलं म्हणजे कसलं, ते त्यांनी सांगितलं नाही. संबोधीनं आईला थकवा, गुडघे, डोळा, सगळं सुचवून पाहिलं. पण आई साडी बदलून तयार. “एवढ्या मायेनं बोलावलंय बाईनं.” काकूंच्या दिवाणखान्यात आठ-दहा बायका, गौर झोपाळ्यावर, आंब्याची डाळ, पन्हं, ओले हरभरे. आईच्या हाताला काकूंनी अत्तर लावलं, ओंजळीत हरभरे घातले, बसायला चांगली खुर्ची दिली. सगळं रीतसर. संबोधी भिंतीला टेकून उभी राहिली. बसली तर उठता येणार नाही असं वाटत होतं. आणि मग काकू ट्रेमधून पेले घेऊन आल्या आणि आईपुढे वाकून म्हणाल्या, “घ्या. पन्ह्यापेक्षा हे घ्या. खजराण्याच्या वाळ्याचं पाणी. तुमच्या लेकीचीच कृपा हो! सहा वर्षं झाली, पुजारीबुवांकडून दर उन्हाळ्यात जुड्या आणून देते.”

आईनं पेला हातात घेतला. नाकाशी नेला. तो वास तिला डोळे मिटूनही कळला असता. त्या जुड्यांचं सूत तिच्या हातचं होतं. तिनं संबोधीकडे बघितलं नाही. हे संबोधीला सगळ्यात जास्त लागलं, की तिनं वर बघितलंच नाही, जणू बघितलं तर लेक सगळ्यांपुढे उघडी पडेल. संबोधीचं तोंड उघडलं होतं. शब्दही होते, दोनच, हा आमचा. पण समोर शिखा होती, काकूंची नणंद होती, सगळ्यांच्या हातात अर्धे भरलेले पेले होते, आणि तिनं तोंड मिटून घेतलं. आईनं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. “चांगला आहे,” ती म्हणाली. “पण बागेतला मरतोय. दर दोन वर्षांनी उपटून फोडायला लागतो तो. नाहीतर मधून कुजतो.” शिखानं कान धरले. “अरे आंटीजी! भगवान का परसाद है, उसको उखाड़ेगा कौन? पाप नहीं लगेगा?” बायकांनी माना डोलावल्या. आई म्हणाली, “हो का,” आणि ओंजळीतले हरभरे रुमालात बांधायला लागली.

निघताना आई दाराबाहेर चपला शोधत होती तेव्हा काकूंनी संबोधीचा हात धरून तिला जरा आत ओढलं. आवाज खाली आणला. “आई किती साध्या आहेत गं तुझ्या. डोळ्यात पाणी आलं माझ्या.” मग आणखी खाली, “हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. बत्तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली मी. तुझं नाव ऐकलं त्याच दिवशी कळलं होतं मला. पण तू खजराण्याचा म्हणालीस ना, मग माझंही काही अडलं नाही. बरंच केलंस. दोघींची सोय झाली.” त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. मायेनं थोपटलं, त्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच संबोधीला तो हात झटकता येईना. म्हणजे पेला थांबला होता. खरंच थांबला होता! आणि पुढे सरकला तो तिच्या शब्दावर. तिनं स्वतःला लपवलं असं ती सहा वर्षं समजत होती. तिनं तर आईच्या पाण्याला शुद्ध करून दिलं होतं. तिला काकूंचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो राग जायचा तिथे पोचेचना, परत फिरून तिच्याच अंगावर यायचा.

घरी आल्यावर आई पलंगावर पाय सोडून बसली. संबोधी स्वयंपाकघराच्या दारात. आईच म्हणाली, “तुझ्याकडे जुड्या असतील ना उरलेल्या? दे त्या. यंदा कमी पडतील.” संबोधी घाईघाईनं आत गेली, वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा काढला. काम मिळालं म्हणून तिला जरा श्वास आला. पिशवीत जुड्या भरता भरता ती म्हणाली, “आई, मी शनिवारीच येते महूला. माठ धुवायला, भरायला. तू नुसती खुर्चीवर बस.”

“माठावर वल्लरी बसेल,” आई म्हणाली. वल्लरी म्हणजे संबोधीची भाची, कॉलेजात जाणारी. “तू राहू दे यंदा.”

“आई, मी चुकले. मला माहीत आहे मी काय केलं. पण तिथे मी सांगेन. कोणीही विचारलं तरी सांगेन.”

“सांगशील गं.” आईच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “तू सांगशीलच. पण मी बाजूला बसून ऐकत राहीन ना, सांगतेस की नाही म्हणून. प्रत्येक माणसाला. दिवसभर. मला पाणी वाटायचंय बाई. माझ्याच लेकीवर पहारा नाही द्यायचा.”

संबोधीनं उरलेल्या जुड्याही पिशवीत भरल्या. डबा रिकामा झाला. एक तुझ्या माठाला ठेव, असं आई म्हणेल म्हणून ती पिशवीचं तोंड न बांधता थोडा वेळ थांबली. आईनं हात पुढे करून पिशवी घेतली आणि तिचं तोंड बांधून टाकलं.